झॉम्बी आले तर हातात काय घेशील

त्या पावसाळ्यात नाशिकमधली सगळ्यात जास्त हत्यारं बाळगून फिरणारी बाई बहुधा मीच असेन. माझ्या गाडीच्या डिकीत कुऱ्हाड होती, कोयते होते, विळे, खुरपी, टिकाव, फुलझाडांच्या कात्र्या, आणि स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. पहार डिकीत मावत नव्हती, म्हणून मागची सीट पाडून ती तिरकी ठेवली होती. तिचं टोक थेट माझ्या डाव्या कोपरापर्यंत यायचं. मखमलाबादहून विंचूरपर्यंत, जाताना आणि येताना, प्रत्येक गतिरोधकावर हा सगळा संसार खडखडायचा. गाडीत गाणी लावायचं मी सोडून दिलं होतं, लावली तरी ऐकू येत नव्हती.

असं का, ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ पुण्याला एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांचं डिझाइन करायचा. होळीच्या सुमारास त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. खोलीवरच्या मित्राच्या वेळेत लक्षात आलं म्हणून वाचला. कसं आणि काय ते मी कुणाला सांगत नाही, इथेही सांगणार नाही. दवाखान्यातून मी त्याला घरी आणलं. लोकांना कारण हवं असतं. एखादी मुलगी होती का, साहेबाने छळलं का, बाहेरचं काही आहे का. मी सरसकट सगळ्यांना कावीळ झाली म्हणून सांगितलं. मग लोक उसाचा रस आणि कुठल्या कुठल्या पाल्याची औषधं घेऊन यायला लागले. भाऊ ते सगळं मुकाट्याने प्यायचा. कावीळ नसलेल्या माणसाने काविळीवरचं इतकं औषध प्यायलेलं मी तरी पाहिलं नाही.

गंगापूर रोडला ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही त्याला न्यायचो, त्यांनी पहिल्याच भेटीत मला बाजूला घेतलं. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, म्हणाल्या, आणि घरातल्या धारदार वस्तू काही महिने त्याच्या हाताला लागणार नाहीत असं बघा. बाई शहरातल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर भाजी चिरायची सुरी आणि दाढीचं सामान असणार. आमचं घर शेताच्या तोंडाशी आहे. वडील होते तोवर गुलाब होता, ते स्वतः कलमं करायचे. ते गेल्यावर आईने झेंडू आणि पालेभाजी लावायला सुरुवात केली. अशा घरात पाती नसलेला कोपरा शोधून सापडत नाही. दाराआड विळा, पाण्याच्या टाकीवर खुरपं, आणि बाथरूमच्या खिडकीत कात्री कशाला ठेवलेली होती ते आजही मला कळलेलं नाही.

एका सकाळी भाऊ झोपलेला असताना मी आणि आईने घर विंचरून काढलं. कपाटात कुलूप लावून ठेवता आलं असतं, पण त्या किल्ल्या आईकडे असतात, आणि आईच्या किल्ल्या कुठे असतात ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून सगळं माझ्या गाडीत. गाडीची किल्ली माझ्या कमरेला.

मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. विंचूरच्या वाइन पार्कात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. नमुना घ्यायचा, आम्लता बघायची, साखर बघायची, आकडा लिहायचा. हात आपापलं काम करत होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे आणि संपवायचे, त्यात काय होतं ते संध्याकाळी आईने विचारलं तर सांगता यायचं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपण गालाला चिमटा काढून बघतो, गाल आपला आहे हे कळतं पण चिमटा कळत नाही. होळीपासून माझं सगळंच तसं झालं होतं.

आईचे मात्र हाल होते, आणि ती ते लपवत नव्हती. मी निघायच्या आधी विळीवर भाजी चिरून द्यायचे आणि विळी घेऊन जायचे. दिवसभरात आणखी काही लागलं की तिने हाताने मोडायचं. गवार मोडता येते, मेथी खुडता येते. एकदा तिने लाल भोपळा पायरीवर आपटून फोडला आणि वाकडेतिकडे तुकडे तसेच फोडणीला टाकले. "माझी इळी हापिसात जाती," ती भोपळ्याकडे बघत म्हणाली, "आन् मी घरात." भाऊ समोर बसून तो भोपळा जेवत होता. विळी कुठे गेली हे त्याने कधी विचारलं नाही. तो काहीच विचारत नव्हता. हो, नाही, नको, एवढंच.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी तो ओट्यावर मोबाइल बघत बसला होता आणि मी अंगणात कपडे वाळत घालत होते. झेंडूची रोपं तेव्हा जेमतेम वीतभर वर आली होती.

"ताई," तो म्हणाला, "झॉम्बी आले तर हातात काय घेशील?"

त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. मी म्हणाले, "कोण आले तर?"

"झॉम्बी. मेलेली माणसं उठून चालायला लागतात ती. चावली की आपणही तसलेच होतो." त्याच्या मोबाइलवर कुणी तरी गोरा माणूस आपल्या गॅरेजमध्ये उभा राहून कुऱ्हाडी आणि दांडकी उचलून दाखवत होता.

"मी गाडी घेईन," मी म्हणाले.

"गाडी नाही. पेट्रोल संपतं. बंदूक पण नाही. हातात धरून मारता येईल असं, आणि घरातलंच काही तरी."

घरातलंच. घरात काहीही नव्हतं. सगळं पलीकडे शेवग्याखाली उभ्या केलेल्या माझ्या गाडीत होतं. याला माहीत आहे का, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. काही कळलं नाही.

"कोयता," मी म्हणाले.

"चूक." त्याने मोबाइल बाजूला ठेवला. "कोयता ऊस तोडायला असतो. हाडात रुतला की तो ओढून काढेपर्यंत दुसरा अंगावर येतो. शिवाय आखूड आहे. तू जवळ जाणार, मग तो चावणारच की."

"मग कुऱ्हाड."

"तुला झेपणार नाही. दोनदा उगारशील आणि खांदा जाईल. एकच झॉम्बी येत नसतो, ताई, झुंडीने येतात."

हे सगळं तो अशा सुरात सांगत होता की जणू मी त्याच्या हाताखाली नवीन लागलेली शिकाऊ आहे आणि त्याला माझी काळजी वाटते आहे. मला त्याच्या बोलण्यापेक्षा तो बोलतोय याचंच अप्रूप वाटत होतं. म्हणून ते पुढे चालावं एवढ्यासाठीच मी विचारलं, "आणि तू काय घेशील?"

"मी? मी दार उघडीन."

"म्हणजे?"

"म्हणजे दार उघडीन. येऊ दे आत."

आणि त्याने परत मोबाइल उचलला. माझ्या हातात ओला अभ्रा होता. मी तो दोरीवर टाकला, चिमटा लावला, मग उरलेले कपडे टाकले, बादली पालथी घातली आणि आत जाऊन पाणी प्यायले. आई म्हणाली, काय गं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डॉक्टरबाईंना फोन केला. झॉम्बी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं, पण त्यांना माहीत होतं, त्यांच्या घरी पण एक आहे म्हणाल्या, म्हणजे तसले सिनेमे बघणारा. मग त्या गंभीर झाल्या. "दार उघडीन हे तो तुमच्यापाशी बोलला ना? ते बोलणं बंद पडू देऊ नका. हा खेळ चालू ठेवा. आणि मधून मधून सरळही विचारा, मरावंसं वाटतं का म्हणून. विचारल्याने ते डोक्यात शिरत नसतं." येत्या शुक्रवारची वेळ त्यांनी अलीकडे ओढली.

मी त्याच संध्याकाळी सरळ विचारलं. चहा घेता घेता. असलं वाक्य तोंडातून निघेल असं वाटलं नव्हतं, पण कसलंच काही वाटत नसण्याचा हा एक फायदा असतो.

तो म्हणाला, "कधी कधी. आज नाही." मग कपबशी खाली ठेवून म्हणाला, "फावड्याचा विचार केलास का?"

असा आमचा रोजचा चहा सुरू झाला. मी विंचूरहून यायचे, शेवग्याखाली गाडी लावायचे, हात धुवायचे, आणि मग आम्ही दोघं ओट्यावर बसून न दिसणाऱ्या हत्यारांवर वाद घालायचो. फावडं वजनाने पुढे जड, उगारलं की माणूसच फिरतो. टिकाव तसाच. मुसळ चांगलं, पण धरायला जाड, माझी मूठ त्याच्याभोवती मिटत नाही. क्रिकेटची बॅट मोडते. लाटणं हे नवऱ्यासाठी असतं, झॉम्बीसाठी नाही, असं मी म्हणाले तेव्हा तो नाकातून जरासा हसला. प्रत्येक वेळी शेवटी मी विचारायचे, तू काय घेशील, आणि प्रत्येक वेळी तो त्याच सपाट आवाजात सांगायचा, मी दार उघडीन. माझ्यासाठी मात्र त्याचा शोध चालू होता. मी वाचले पाहिजे याबद्दल त्याला शंका नव्हती. मला त्याचा राग यायला हवा होता.

शेवटी त्याने गुलाबाच्या जुन्या मांडवातला एक लोखंडी पाइप काढून आणला. पोकळ, हलका, माझ्या छातीइतका लांब. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी त्याने त्याच्या एका टोकाला गुंडाळली, एकावर एक वेढे देत, हात घामेजला तरी सटकू नये म्हणून. दोन संध्याकाळी तो तेच करत बसला होता. पुण्याहून आल्यापासून हाताने केलेलं त्याचं ते पहिलं काम. "याला धार नाही, त्यामुळे अडकत नाही," तो म्हणाला. "तू गुडघ्यावर मार. पडला की पळ. मारत बसू नकोस." पाइप पुढच्या दाराआड उभा राहिला. आई त्याने शेवग्याच्या शेंगा पाडायला लागली.

गणपतीच्या दिवसांत निफाडच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने डिकी उघडायला लावली आणि तो तसाच उभा राहिला.

"मॅडम, हे काय?"

"शेतीची अवजारं."

"इळी पण?"

"हो."

त्याने माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं, मग परत डिकी बघितली. "कुठं घेऊन चाललाय?"

"कामावर."

"आन् मग?"

"संध्याकाळी परत घरी."

"रोज?"

मी हो म्हणाले. मला तिथल्या तिथे रडू आलं असतं तर सगळं सोपं झालं असतं, पण ते काही येत नव्हतं. म्हणून मी म्हणाले, धार लावायला नेते आहे. त्याने एका कोयत्याच्या पात्यावरून हलकेच अंगठा फिरवला. "लावलेली हाय की," तो म्हणाला. मग डिकी लावली आणि पहारीकडे बोट दाखवलं. "तेवढी बांधून घ्या. ब्रेक मारला तर झपकन पुढं येईल, तुम्हालाच लागंल." मी बरं म्हणाले आणि निघाले. बांधली मात्र नाही.

आई या खेळात उशिरा आली. एका संध्याकाळी ती झेंडूला पाणी सोडून आली आणि पायरीवर बसली. "रोज काय चाललंय तुमचं, ह्याला मारू आन् त्याला मारू? कोण येणार हाय?"

भावाने तिला समजावून सांगितलं. मेलेली माणसं उठतात, चालत येतात.

"परत येत्यात?" आई म्हणाली. "मग चांगलंच हाय की."

"चांगलं काय आई, त्यांना काही कळत नसतं. नुसती चालतात. समोर दिसेल त्याला चावतात."

"तुमचं दादा आलं तर?" आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. "दादा आलं दारात, तर मी काय त्यांच्या डोक्यात पाइप घालू?"

"ते दादा नसतील गं. नुसते त्यांच्यासारखे दिसतील."

"दिसत्याल ना? मग लय झालं," आई म्हणाली. "आतून कायबी असू दे. मी आधी जेवायला वाढीन, मंग बघू."

आई पदराने पाय पुसत होती. मग ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "आन् तू दार उघडणार म्हणं. ताई सांगती. उघड. पण आधी मला इचार. घर माझं हाय."

त्या रात्री आईचा मला फार हेवा वाटला, एवढं आठवतं. तिला सगळं वाटत होतं, आणि वाटूनही ती दुसऱ्या दिवशी उठून झेंडूला पाणी सोडत होती.

नवरात्र आलं. घट बसले, झेंडू फुलला, आणि अष्टमीला आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "उद्या खंडेनवमी. हत्यारं काढ."

हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं आणि शेतातलं प्रत्येक अवजार धुऊन पुसून पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नैवेद्य. एकदा मांडलं की दसऱ्याला हलवेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही, मग काम कितीही अडो. आमचं अडतही नाही, कारण झेंडू हातानेच खुडतात. बायका सकाळपासून शेतात फुलं खुडत असतात आणि हत्यारं घरात पाटावर बसलेली असतात.

मी म्हणाले, या वर्षी गाडीचीच पूजा करू. सगळं आतच आहे, बाहेरून हार घालू. आई भडकली. "वर्षभर राबत्यात ती. एक दिवस त्यांना उजेडात बसवायचं नाय? डिकीत कोंडून पूजा करती का कुणी?" मी म्हणाले, अगं, त्याच्यासमोर सगळं मांडून ठेवायचं? कशासाठी आपण हे सगळं केलं? आई म्हणाली, "पूजेतल्या हत्याराला तो हात लावायचा नाय. लहानपणी पतंगाचा दोरा कापायला सुदीक लावला नाय त्यानं."

मला ते अजिबात पटलं नाही. पण तिच्याशी भांडायला लागतो तेवढा जोर माझ्यात नव्हता. मी रजा टाकली. दिवसभर पाटाशेजारी बसून राहायचं ठरवलं.

नवमीला सकाळी मी गाडी उलटी घेऊन दारापर्यंत आणली आणि डिकी उघडली. भाऊ ओट्यावर चहा पीत होता. मी एकेक काढत होते आणि तो बघत होता. विळे, कोयते, कात्र्या, विळी. पहार ओढून काढताना ती दाराला अडकली, तेव्हा तो उठला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

"म्हणून गाडी खडखडायची," तो म्हणाला. "मला वाटलं शॉकअप गेलाय. रोज म्हणतोय ताईला सांगावं, गॅरेजला दाखव."

एवढंच. मला सांगावं असं त्याला रोज वाटत होतं.

आईने बैठकीच्या खोलीत पाट मांडले होते. ती एकेक अवजार ओल्या फडक्याने पुसत होती, तेलाचं बोट फिरवत होती आणि नेहमीच्या जागी ठेवत होती. दाराआडचा पाइपही तिने मांडला, कोयत्यांच्या शेजारी, ट्यूबची पट्टी नीट पुसून. मग तिचा हात थांबला.

"कलमाचा चाकू कुठंय?"

"कुठला?"

"दादांचा. मिटायचा, लाकडी मुठीचा. दरवर्षी कोयत्याच्या डाव्या अंगाला असतोय."

"गाडीत राहिला असेल," मी म्हणाले आणि बाहेर आले.

डिकीत माती होती आणि एक तुटलेली दोरी होती. मी सीटखाली हात घालून बघितलं, पण मला माहीत होतं. तो चाकू मी गाडीत ठेवलाच नव्हता. आम्ही घर विंचरलं तेव्हा तो सापडला नव्हता, आणि सापडला नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दादांनी गुलाबाच्या काडीला डोळा भरायला वापरलेला तो एवढासा चाकू. मी इतके महिने सगळं लोखंड घेऊन विंचूरला जात होते आणि येत होते, हवालदाराशी खोटं बोलत होते, आणि चाकू सगळा वेळ घरात होता.

तेव्हा मला भीती वाटली. होळीपासून पहिल्यांदा. गाडीला धरून उभं राहावं लागलं. शेतात बायका फुलं खुडत काही तरी बोलून हसत होत्या. आत जायला पाय उचलेनात.

गेले तेव्हा भाऊ बैठकीच्या खोलीत नव्हता. आई हातात झेंडूचं फूल घेऊन तशीच बसली होती.

"कुठे गेला?"

"आत," आई म्हणाली.

त्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई उठली नाही. ती फक्त त्या दाराकडे बघत होती.

दार उघडलं आणि तो बाहेर आला. चाकू त्याच्या हातात होता, मिटलेला.

"माझ्याकडे होता," तो म्हणाला.

तो पाटासमोर बसला. आईच्या हातातलं फडकं घेऊन त्याने चाकू पुसला, मुठीवरची पितळी पट्टी पुसली, तेलाचं बोट फिरवलं. कोयत्याच्या डाव्या अंगाला ठेवला. करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू लावलं. आईने त्यावर फूल ठेवलं.

"पाया पड," ती म्हणाली. तो पडला.

"आता उद्यापतुर कुणी हात लावायचा नाय," आई म्हणाली. दरवर्षी म्हणते तसंच, त्याच आवाजात. मग ती नैवेद्याचं बघायला आत गेली, आणि स्वयंपाकघरात तिने एक भांडं उगीचच फार जोरात आपटलं.

मी पाटाच्या आणि त्याच्या मधे बसले. तो भिंतीला टेकून बसला होता, थकलेला, लांबून चालत आलेल्या माणसासारखा.

"आज सुट्टी घेतलीस?" त्याने विचारलं.

"हो."

मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी रोजचंच विचारलं. "आत्ता झॉम्बी आले तर?"

त्याने पाटाकडे बघितलं. एरवी उत्तर ठरलेलं असायचं, या वेळी तो खरोखरच विचार करत होता.

"आज काही घेता येणार नाही," तो म्हणाला. "सगळं पूजेत आहे."

"पाइप?"

"तोही. तो बघ, कुंकू लावलंय."

"मग काय करायचं?"

"मग काय." त्याने डोळे मिटले. "दार लावून घ्यायचं. उद्यापर्यंत."

"आणि उद्या?"

"उद्या हलवल्यावर पहार मी घेतो. तुला ती उचलत नाही."

मला रडू आलं. होळीपासूनचं सगळं एकदम आलं, नाकातोंडातून, आवाज करून. मला ते थांबवता येईना आणि थांबवायचंही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि काय करावं ते न सुचून पाटाजवळच्या परडीतलं एक फूल उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने मी उठले, तोंड धुतलं, आणि पुढचं दार लोटून कडी घातली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"दिवसाढवळ्या कडी कशाला?" आई आतून ओरडली. "आत्ता फुलांचा टेम्पो येईल. फुलं काय खिडकीतून देणार हाय का?"

"राहू दे, आई," भाऊ म्हणाला. "टेम्पो आला की मी उघडतो."